चऱ्होलीत थांबवलेलं रॉकेट

रॉकेट कुणासाठी थांबत नाही हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. चऱ्होलीच्या सुवर्णतारा सोसायटीत मात्र ते चांगलं तासभर थांबलं, पांढऱ्या वाफा सोडत पडद्यावर गप्प उभं राहिलं. कुणी थांबवलं म्हणून विचारलंत तर सोसायटीतला जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बी विंगमधले ज्योतीराम ढवळे तेवढे कुणाकडे बोट दाखवत नाहीत. ते चपला घालतात आणि दूध आणायला निघून जातात, मग घरात दूध असो वा नसो.

ज्योतीराम मूळचे भूमचे, कुरुळीतल्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन. एकुलती एक लेक करिष्मा बेंगळुरूला एका छोट्या कंपनीत उपग्रह बनवते. उपग्रह म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसलं अवाढव्य प्रकरण नव्हतं ते. पावाच्या लादीएवढा डबा, शेतातला ओलावा वरून बघणारा. पण त्या डब्यात पोरीची तीन वर्षं गेली होती, आणि आता तो अमेरिकेतून एका मोठ्या रॉकेटमध्ये बसून वर जाणार होता.

ठरल्याबरोबर तिने वडिलांना फोन केला.

"पप्पा, रॉकेट उडताना मला काही होणार नाही. ते त्या लोकांचं काम आहे. पण उडाल्यावर तासाभराने आमच्या डब्याचा नंबर लागेल. दार उघडलं आणि तो नीट बाहेर पडला तर पडला, नाहीतर संपलं सगळं. तेव्हा मला एकटीला बसवणार नाही. आमच्यातल्या सगळ्यांच्या घरचे फोनवर असणार आहेत. तुम्ही असाल ना?"

"असाल ना म्हणजे? मी फोन हातात धरूनच बसतो की."

"बोलायचं काही नाही हं. नुसतं असायचं."

पोरीने मागितलं ते एवढंच. हे काम ज्योतीरामांना घरच्या सोफ्यावर, बनियनवर बसून, चहाचा कप मांडीवर ठेवून करता आलं असतं. पण बापाच्या छातीत अभिमान मावेना, आणि तो सांडला नेमका लिफ्टमध्ये, चिमाजींच्या अंगावर.

चिमाजी हे सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांचीच. बिल्डरकडून बदल्यात मिळालेल्या फ्लॅटपैकी एकात ते राहतात, आणि क्लबहाऊसच्या जागी आपली ज्वारी कशी यायची हे प्रत्येक सभेत सांगतात.

"लेकीचं रॉकेट?" चिमाजींनी लिफ्टचं दार पायाने अडवलं. "आन् तुमी एकलेच बघनार? न्हाई न्हाई ढवळे, ह्ये सोसायटीचं काम हाय."

"रॉकेट तिचं नाही हो. त्यात पुष्कळ जणांचे उपग्रह असतात. चाकण चौकातली वडाप जीप असती ना, तसं. जीप एकाची, माणसं गावोगावची. ज्याचं गाव आलं त्यानं उतरायचं."

"मंग लेकीचं गाव कितवं?"

"शेवटून कितवं तरी."

"वडापला शेवटच्या माणसाचे लई हाल व्हत्यात," चिमाजी काळजीने म्हणाले आणि लिफ्ट सुटली.

त्या दिवसापासून ज्योतीरामांच्या हातात काही राहिलं नाही. ए विंगच्या सावित्रीबाई मुद्दाम येऊन ज्योतीरामांच्या बायकोला, इंदुताईंना, विचारून गेल्या, की पोरीला स्वतंत्र रॉकेट का नाही दिलं, कंपनी बरी आहे ना. कुणी सुचवलं सत्यनारायण घाला, कुणी म्हणालं डब्याला आतून हळदीकुंकू लावायला सांगा, बाहेरून जळून जाईल. शेवटी ठरलं की रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये पडदा लावायचा आणि सगळ्यांनी मिळून बघायचं.

क्लबहाऊस द्यायचं तर नियम होते. वाढदिवस, साखरपुडा, बारसं आणि डोहाळजेवण एवढ्यासाठीच हॉल मिळत असे. उपग्रह यातल्या कशात बसतो यावर कमिटीची बैठक दोन तास चालली. साखरपुड्याच्या बाजूला बरीच मतं होती, कारण पोरगी लग्नाची होती आणि नाव काढल्यावर काही घडलं तर घडेल. ज्योतीरामांनी कडाडून विरोध केल्यावर अखेर पावती बारशाची फाडली गेली. बाळाचं नाव या रकान्यात चिमाजींनी 'ठरायचे आहे' असं लिहिलं.

स्पीकरच्या परवानगीसाठी ज्योतीराम पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदाराने पेन काढून विचारलं, "डीजे?"

"नाही."

"फटाके?"

"नाही. रॉकेट आहे."

"फटाक्यातच येतं ते."

"तसलं नाही साहेब. खरं रॉकेट."

हवालदाराने पेनचं टोपण लावलं. "सुटणार कुठून?"

"अमेरिकेतून."

"मग आमच्या हद्दीत येत नाही," हवालदार म्हणाला, आणि खरोखर सुटलेल्या माणसासारखा खुर्चीत मागे रेलला. परवानगी मिळाली की नाही हे ज्योतीरामांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्या रविवारी पडदा लागला, खुर्च्या मांडल्या, पोहे झाले, आणि अमेरिकेत जोराचं वारं सुटलं. उड्डाण पुढे ढकललं. लोकांनी पोहे खाल्ले आणि गेले. दुसऱ्या रविवारी वारं नव्हतं, पण रॉकेटच्या कुठल्याशा झडपेत काहीतरी निघालं. लोकांनी उपमा खाल्ला, आणि या खेपेला जाताना ज्योतीरामांकडे बघून गेले.

पुढचा आठवडा त्यांना फार जड गेला. लिफ्टमध्ये विचारणा होई, "काय ढवळे, उडालं का?" पार्किंगमध्ये होई. कंपनीत मशीनच्या आडून कुणीतरी दहा-नऊ-आठ मोजे. ज्या माणसाने उभी हयात पार्ट वेळेवर देण्यात घालवली, त्याच्यावर दुसऱ्याच्या झडपेपायी उशिराचा ठपका यावा, हे त्यांना सहन होईना. इंदुताई म्हणाल्या, "अहो, सोडून द्या आता हॉलबिल. आपण दोघं घरात बसून तिच्याशी बोलू." बाई अगदी सरळ सांगत होत्या. पण अब्रूचा प्रश्न झाला होता, आणि अब्रू भरून काढायचा एकच रस्ता आपल्याकडे माहीत आहे, तो म्हणजे कार्यक्रम मोठा करणं.

प्रमुख पाहुणे म्हणून अर्जुनराव अण्णांना बोलवावं ही सूचना चिमाजींची. अण्णा त्या भागातले भावी नगरसेवक. ते इतकी वर्षं भावी होते की लोकांना ती पदवीच वाटायची. अण्णा येणार म्हटल्यावर फ्लेक्स आला. फ्लेक्सवर डावीकडे जमिनीपासून आभाळापर्यंत अण्णा, उजवीकडे शुभेच्छुकांच्या रांगा, आणि मधल्या जागेत, अण्णांच्या कोपरापाशी, रॉकेट. करिष्माचा फोटो कुठे आहे म्हणून ज्योतीरामांनी विचारलं, तर चिमाजी म्हणाले, "डब्यात बसलीया आसं समजा." सगळे हसले. ज्योतीरामही हसले, आणि याचं त्यांना पुढे फार वाईट वाटलं.

तिसऱ्या रविवारी वारं नव्हतं आणि झडपही नीट होती. हॉल गच्च भरला. पण सोसायटीचं वायफाय सकाळीच गेलं आणि लॅपटॉप प्रोजेक्टरला ओळख देईना. तिसऱ्या मजल्यावरचा प्रितम हिंजवडीत आयटीत कामाला होता. त्याने खटपट करून पाहिली, मग हात पुढे केला. "काका, तुमचा फोन द्या. नेट आहे ना त्याच्यात? वायर लावली की फोनवरचं सगळं पडद्यावर."

ज्योतीरामांनी फोन दिला. देताना त्यांना काहीतरी टोचल्यासारखं झालं खरं. पण लेकीचा नंबर लागायला तासाहून जास्त अवकाश होता. तोवर फोन काढून घेऊ, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

पडद्यावर रॉकेट उभं राहिलं. कोपऱ्यात उलटे आकडे धावत होते. इकडे अण्णांचा पत्ता नव्हता. चिमाजींनी फोन लावला तेव्हा अण्णा मोशीत एका मिसळ हाऊसची फीत कापत होते आणि पाचच मिनिटांत पोचत होते. राजकारणातली पाच मिनिटं किती असतात हे हॉलमधल्या सगळ्यांना कळत होतं.

"प्रितम, जरा थांबव त्ये," चिमाजी म्हणाले.

"काय थांबवू?"

"रॉकेट. अण्णा आल्याबिगर कसं सोडायचं?"

प्रितमने ज्योतीरामांकडे पाहिलं. "काका, लाइव्ह आहे ते. आपण थांबवलं तरी तिकडं थांबणार नाही."

"आपल्यापुरतं थांबंल का?"

"आपल्यापुरतं थांबेल."

"मंग झालं," चिमाजी म्हणाले, आणि प्रितमने बोट टेकवलं. आकडे थांबले. वाफही हवेत थबकली. हॉलमध्ये समाधान पसरलं, आणि खोटं कशाला सांगा, ज्योतीरामांनाही बरंच वाटलं. दोन रविवार ज्या रॉकेटने त्यांची शोभा केली, ते आज त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं.

पाच मिनिटांची वाट सुरू झाली. महिला मंडळाने दोन गौळणी म्हटल्या. चिमाजींनी माइक घेतला आणि इथे ज्वारी कशी यायची ते सांगितलं. अण्णांना ओवाळायला सुवासिनी हव्यात म्हणून इंदुताईंना ताट देऊन गेटवर उभं केलं होतं. त्यांचा स्वतःचा फोन वर घरात चार्जिंगला होता. पोहे गार झाले, गरम केले, पुन्हा गार झाले. रॉकेट जागच्या जागी होतं.

तेवढ्यात रॉकेट पुसलं गेलं. पडदाभर करिष्माचा फोटो आला, गेल्या दिवाळीतला, हातात करंजी धरलेला, आणि स्पीकरमधून ज्योतीरामांच्या फोनची रिंग हॉलभर घुमली.

"लेकीचा फोन!" सावित्रीबाई ओरडल्या. लोकांनी टाळ्याच वाजवल्या. ज्योतीराम लगबगीने उठले.

"ढवळे, थांबा, थांबा!" चिमाजी आडवे आले. "फोन उचाललात तर रॉकेट निसटंल. व्हय रं प्रितम?"

"तसं सांगता येत नाही," प्रितम म्हणाला. "कदाचित एकदम पुढंच जाईल."

"बघा! आन् अण्णांची गाडी नाक्यावर आलीया. आता काय दाखवायचं त्यास्नी, धूर?"

ज्योतीराम फोनपाशी उभे राहिले. लेक रिंग वाजवीत होती. ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांच्या मनात आलेला विचार इतका साधा होता की त्यात काही चूक असेल असं कुणालाही वाटलं नसतं. रॉकेट अजून उडालेलंच नाही. ते उडेल, मग तास जाईल, मग तिचा नंबर. आत्ताचा फोन म्हणजे, 'पप्पा, तयार आहात ना?' एवढंच असणार. आपण तयार आहोत. त्यांनी फोन कट केला.

रॉकेट परत आलं, जसंच्या तसं. लोकांनी सुस्कारा सोडला.

मिनिटभराने करिष्मा पुन्हा पडद्यावर आली. या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. मागून कुणीतरी "अहो, एकदा सांगून टाका तिला, बिझी आहे म्हणून," असं वैतागून म्हणालं. ज्योतीरामांनी घाईघाईने पुन्हा कट केला, आणि लोकांकडे वळून, माफी मागितल्यासारखं हसले.

अण्णा आले. ओवाळणं झालं, शाल झाली, नारळ झाला. अण्णा बोलायला उभे राहिले आणि आपल्या भागातल्या ड्रेनेज लाइनपासून चंद्रापर्यंत बोलले. मग चिमाजींनी जाहीर केलं, "आता अण्णांच्या शुभहस्ते रॉकेट सोडन्यात येत हाय." अण्णांनी फोनवर अंगठा टेकवला. वाफ हलली. अख्ख्या हॉलने दहापासून मोजलं, आणि प्रचंड गडगडाट करत रॉकेट वर निघालं. म्हाताऱ्यांनी हात जोडले. ज्योतीरामांचे डोळे भरून आले. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. आयुष्यात एवढा मान त्यांना कधी मिळाला नव्हता.

"आता लेकीचा डबा कधी?" अण्णांनी घड्याळ पाहिलं.

"तासाभराने," ज्योतीराम म्हणाले.

"अरे बापरे. मला आळंदीला लग्न आहे. मधलं काढून टाका की. मेन दाखवा."

"टाकतो ना अण्णा," प्रितम म्हणाला. त्याने बोटाने पडद्यावरची रेघ उजवीकडे ओढली. रॉकेट पळालं, पृथ्वी गोल झाली, निळी झाली, काळी झाली. डबे एकामागून एक टपाटप अंधारात पडू लागले. प्रितमने बोट उचललं. निवेदिकेने एक नाव घेतलं. करिष्माच्या उपग्रहाचं नाव होतं ते. दार उघडलं, लादीएवढी एक चकचकीत वस्तू हळूच बाहेर आली आणि कसलाही आवाज न करता लांब लांब जात राहिली.

हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. ज्योतीराम खुर्चीतच होते. जे पुढे ओढता येतं ते होऊन गेलेलं असतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आत्ता शिरली. टूलरूममध्ये केसाएवढी तफावत ओळखणारा माणूस, त्याला एवढी मोठी तफावत दिसली नव्हती. ते उठले, प्रोजेक्टरपाशी गेले आणि त्यांनी वायर उपटली. पडदा निळा झाला. "आवो, आवो," असं चिमाजी म्हणेपर्यंत ते जिन्यात पोचले होते.

तिथून लावलेला फोन करिष्माने लगेच उचलला. मागे हसण्याबोलण्याचा गलका होता.

"सुटला गं," ज्योतीराम म्हणाले.

"हो पप्पा. मघाशीच. सिग्नल पण आला त्याचा. चांगला आहे तो."

"मी... इथं ते पाहुणे यायचे होते. चिमाजी म्हणाले, थांबवा. मला वाटलं, अजून..."

"कळलं मला. दोनदा कट झाल्यावर कळलं, की कार्यक्रमात असाल."

"मग कोण होतं गं तुझ्यासोबत?"

"शेजारी अंजली होती ना, तिचे वडील होते फोनवर. नांदेडचे आहेत. तिने स्पीकरवर टाकलं माझ्यासाठी. फार चांगले बोलले. मला म्हणाले, बाळा, घाबरलीस का? म्हटलं, हो काका. म्हणाले, मीपण घाबरलोय, आपण दोघं मिळून घाबरू."

ज्योतीरामांनी जिन्याचा कठडा धरला. नांदेडच्या त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तो बहुतेक घरात सोफ्यावर बसला असेल. एवढा राग त्यांना आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि तो राग त्या माणसावर नव्हता हेही त्यांना कळत होतं.

"करिष्मा, माझं चुकलं बघ."

"असू दे पप्पा."

त्यांना आणखी बोलायचं होतं, पण तेवढ्यात चिमाजी दारात आले. त्यांनी दंडाला धरून ज्योतीरामांना आत ओढलं. "आवो, हितं काय लपून बोलताय! अण्णा निघालेत. लेक हाय ना फोनवर? टाका स्पीकरवर." कुणीतरी फोन काढून घेतला, माइकजवळ धरला आणि सगळीकडे शांतता झाली.

"बेटा, अर्जुनराव बोलतोय," अण्णा म्हणाले. "अख्ख्या चऱ्होलीला अभिमान आहे तुझा. आता एक सांग सगळ्यांना. डबा सुटताना पहिला फोन कुणाला केलास?"

ज्योतीराम खाली बघत उभे होते. गेटवरून आलेल्या इंदुताई रिकामं ताट घेऊन दारातच थांबल्या होत्या.

"पप्पांनाच केला," करिष्माचा आवाज हॉलभर घुमला.

टाळ्या पडल्या. अण्णांनी हात वर करून त्या थांबवल्या. "वा! आणि पप्पा काय म्हणाले?"

मग ती म्हणाली, "पप्पा म्हणाले, बाळा, घाबरलीस का? मीपण घाबरलोय, आपण दोघं मिळून घाबरू."

यावर हॉल अक्षरशः दणाणला. सावित्रीबाईंनी पदर डोळ्याला लावला. चिमाजींनी ज्योतीरामांना मिठी मारली, अण्णांनी स्वतःच्या गळ्यातली शाल काढून त्यांच्या गळ्यात घातली आणि बाप असावा तर असा, असं माइकवर तीनदा सांगितलं. ज्योतीराम अंगावरची शाल सावरत फोन शोधत राहिले. तो हातोहात फिरत होता, जो तो "अभिनंदन बेटा" म्हणून पुढे देत होता. शेवटी तो त्यांच्या हातात आला तेव्हा लोक पोह्यांकडे वळले होते. त्यांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. ती अजून होती.

"घाबरली होतीस का गं?" त्यांनी विचारलं.

"हो पप्पा," ती म्हणाली. "तेव्हा खूप घाबरले होते."